सिंदीतले फ्रान्स आणि जर्मनी

किस्से कुणी जमवत नसतं. जिनिंगमध्ये दिवसभर बसलं की कापूस जसा आपोआप कानामागे, भुवयांवर, धोतराच्या निऱ्यांत साचतो, तसे ते साचतात. मी सिंदीच्या जिनिंगमध्ये कारकून होतो तेव्हा दोन्ही साचले. कापूस झटकला, किस्से राहिले.

आता सांगतो ते अक्षर न् अक्षर खरं. केळझरच्या गणपतीसमोर शपथ घेतली आहे! म्हणजे... त्या वर्षी मी केळझरला गेलोच नव्हतो. बैलगाडी चुकली होती. पण शपथ घ्यायला निघालो होतो, एवढं तरी धरा.

*

संध्याकाळच्या गाडीने नागपूरचा पेपर यायचा आणि वाचनालयाच्या ओट्यावर आमची पार्लमेंट भरायची. पेपर एकच, म्हणून देशकर मास्तर मोठ्याने वाचायचे. शाळेत ते भूगोल शिकवायचे, ओट्यावर युरोप चालवायचे.

ओट्याच्या एका टोकाला रामभाऊ. त्यांची कोळशाची टाल, म्हणजे वखार. पण माणूस असा शौकीन, की काळ्या ढिगाशेजारी पांढरंशुभ्र धोतर नेसून, कानात अत्तराचा फाया घालून बसायचा! दुसऱ्या टोकाला विठोबाजी. त्यांचं लोखंडाचं दुकान. हसणं बेताचं, शिस्त कडक. त्यांनी दुकान उघडलं की स्टेशनमास्तर घड्याळ लावून घ्यायचे!

मास्तरांनी रामभाऊंना नाव ठेवलं फ्रान्स, विठोबाजींना जर्मनी. गावाने ते विनातक्रार मंजूर केलं. पुढं पुढं तर स्टेशनवर उतरलेल्या पाहुण्याला टांगेवाला विचारायचा, "कुठं जाचं जी? फ्रान्सले का जर्मनीले?"

*

दोघं लंगोटीयार. शेतंही बांधाला बांध लागून. पण एका पोळ्याला तोरणाखालून पहिली जोडी कोणाची न्यायची, यावरून जुंपली आणि बोलणं बंद झालं. ओटा मात्र कुणी सोडेना. पेपर एकच ना! मग सगळं बोलणं मास्तरांमार्फत.

"मास्तर, त्याले म्हणा, पाय सरकव."

"मास्तर, त्याले म्हणा, ओटा का त्याच्या बापाचा आहे?"

शेवटी मास्तरांनी पेपर आपटला. "मी शाळामास्तर आहे का राष्ट्रसंघ?"

दोघं एका सुरात म्हणाले, "हेच त्याले सांगा!"

हसायचो आम्ही, पण आतून धास्ती होती. कारण रामभाऊ तेव्हापासून म्हणायला लागले होते, "टाल विकतो न् नाचणगावले पोरीकडं जाऊन राह्यतो. इथं का ठेवलं आहे?" एक टोक उठून गेल्यावर ओटा कसला? नुसता दगड!

*

एके संध्याकाळी मास्तरांनी बातमी वाचली. फ्रान्स आणि जर्मनी यांनी आपापला कोळसा आणि लोखंड एकाच संस्थेच्या ताब्यात द्यायचं ठरवलं. कालपर्यंत एकमेकांच्या नरड्याला धरणारे! तोफा ज्यातून होतात तेच सामाईक केलं की भांडणार कशानं?

"ऐका!" मास्तर दोन्ही टोकांकडे पाहून म्हणाले. "कोळसा आणि लोखंड! सिंदीत याहून काय वेगळं आहे?"

विठोबाजी म्हणाले, "मास्तर, पेपरात लिहून पाठवा. म्हणावं, कोळसा पाहून घेजो. अर्धा दगड निघते!"

रामभाऊंनी अत्तराचा फाया नीट बसवला. "न् हेबी लिहा, मास्तर. लोखंड ओलं करून पाहजो. सकाळी मातीच भेटते!"

करार तिकडे झाला. इकडे पेपराची घडी झाली.

*

मास्तर हटले नाहीत. स्टेशनाजवळच्या हॉटेलात त्यांनी शिखर परिषद बोलावली. एकाला सांगितलं, दुसरा येणार नाही. दुसऱ्यालाही तेच सांगितलं. असली डिप्लोमसी!

दोघं आले. एकाच बाकावर पाठीला पाठ लावून बसले. चहा पिऊन दोन दारांनी निघून गेले. जाताना रामभाऊ मास्तरांच्या कानात म्हणाले, "चहा फस्कलास होता. त्याले सांगू नोका मी म्हटलं म्हणून."

विठोबाजींनीही दुसऱ्या कानात तेच सांगितलं!

*

टाल आणि लोखंडाचं दुकान यांच्या मधल्या पट्टीत गणपत लोहाराचा भाता. एकाचा कोळसा, दुसऱ्याचं लोखंड, आणि शिव्या दोघांच्या! तिकडे सार नावाच्या प्रांतात लोकांचा कौल घेणार अशी बातमी आली. फ्रान्स-जर्मनीच्या मधला हा कोळशाचा मुलूख, त्याच्यावरून जुनी ओढाताण. मास्तर उठून गणपतकडे गेले.

"गणपत, तू आमचा सार. बोल, कोणाकडे जाणार?"

गणपत घण खाली ठेवून म्हणाला, "मायावरचं छप्पर गळून राह्यलं. जो शाकारून देईन त्याच्याकडं!"

गंमत पाहा. आमचा वर्धा जिल्हा मध्य प्रदेशात राहणार की मुंबईकडे जाणार की विदर्भ वेगळा होणार, हे आम्हाला ठाऊक नव्हतं. पण सारच्या काळजीनं ओट्याला जेवण जाईना!

*

पुढल्या उन्हाळ्यात रामभाऊंचा उजवा बैल गेला. डावा एकटा उरला. रामभाऊंचं पक्कं झालं. "पोळा झाला का चाललो नाचणगावले." टालीला गिऱ्हाईकही पाहिलं.

नेमका तेव्हाच विठोबाजींच्या उजव्या बैलाचा खुर दुखावला. मास्तर पेपर विसरून उभे राहिले. "एक बैल फ्रान्सचा, एक जर्मनीचा! करा जोडी!"

दोघं ओट्यावरून उठून गेले.

पोळ्याच्या दुपारी विठोबाजी आपल्या बैलावर झूल टाकून रामभाऊंच्या दारी उभे. मास्तर नव्हते, म्हणून भिंतीकडे पाहून बोलले, "सणाच्या दिवशी बैल एकटा उभा राहणं बरं दिसत नाई."

जोडी निघाली. पण जन्मभर एकाच अंगाला जुंपलेला बैल दुसऱ्या अंगाला उभा राहत नाही, आणि हे दोन्ही डावे! हा त्याला रेटतो, तो याला रेटतो. कासरे धरून दोघं म्हातारे गरगर फिरताहेत. सगळा पोळा खोळंबला. अखेर जोडी तोरणाखालून गेली, तीही पाठमोरी! पहिला पाय कोणाचा पडला, देवालाही सांगता येईना. गणपतनं झडती, म्हणजे पोळ्याचं गाणं, ठोकली:

"लोखंडाचा बैल, कोळशाची झूल,
दोघायनं मिळून पेटवली चूल,
एक नमन गौरा पारबती, हर बोला हर हर महादेव!"

मग चौक आला. बैल पूजेला न्यायचे. डावीकडे रामभाऊंचं घर, उजवीकडे विठोबाजींचं. पहिलं दार कोणाचं?

रामभाऊ म्हणाले, "तुयाच दारी चाल. मी त उद्या जाऊन राह्यलो. माया बैलबी तूच ठेव."

"का करू ठेवून? दोन्ही डावे. एकाले उजवा शिकवा लागते. एकट्यानं होते का ते? थांब दिवाळीवरी."

"कोणत्या दिवाळीवरी?"

"मले काऊन विचारतं? बैलाले विचार!"

रामभाऊ नाचणगावला गेले ते पोरीच्या घरी पाहुणे म्हणूनच, आणि गेले तसे परत आले.

शपथ घेतलीय, तेव्हा कबुलीही देतो. यात माझ्या पदरचं एकच आहे. विठोबाजींच्या उजव्या बैलाचा खुर दुखावला होता, असं मी म्हणालो. त्या बैलाला काहीही झालं नव्हतं. पोळ्याच्या दिवशी तो धडधाकट गोठ्यात उभा होता, आणि विठोबाजी दारी घेऊन आले तो डावा!