पाच मीटर वीस

आयर्लंडमधल्या पोर्टलीश गावाबाहेरच्या दलदलीत प्रभाताई लोखंडी सळई खुपसतात. एकेक मीटरचे तुकडे एकमेकांत पिळून सळई लांबवायची, अडेपर्यंत दाबायची, खोली लिहायची. इथला काळा थर, पीट, म्हणजे हजारो वर्षं पाण्याखाली न कुजता साचलेलं शेवाळ. जितका खोल, तितका त्यात कोंडलेला कार्बन जास्त. सांगलीत त्या भूगोल शिकवायच्या. नवरा, शशिकांत, इथल्या औषध कारखान्यात लागला म्हणून आल्या, चार वर्षं घरी बसल्या, मग हे काम मिळालं. सहा महिन्यांच्या करारावर.

या पाहणीत दोन मीटरहून खोल पट्टे राखीव होणार होते. तिथून जळणासाठी पीट कापणं बंद. पिढीजात पीट कापणाऱ्या फिंटन डीगनचा पट्टा मधोमध. पहिल्या दिवसापासून तो कुत्रा घेऊन कडेला उभा. प्रभाताईंनी रोवलेली झेंडी संध्याकाळी डबक्यात सापडायची. "तुमच्या देशातला चिखल संपला का?" त्याने एकदा विचारलं. त्या पुढची झेंडी रोवत राहिल्या. त्याला तेही आवडलं नाही.

त्या दिवशी त्याच्या पट्ट्यात चारही जागी सळई दीड मीटरवर अडली. अडली की हातभर सरकून पुन्हा टोचायचं, हे त्या नवख्यांना स्वतः शिकवत. पण पाठीवर त्याची नजर होती, कुत्रा गुरगुरत होता. त्यांनी आकडे लिहिले आणि निघाल्या. फिंटन मात्र पहिल्यांदाच गप्प होता.

घरामागच्या नळाखाली सळई धुताना त्या थांबल्या. खऱ्या तळाला टोक लागलं की करडी माती चिकटून येते. हे टोक स्वच्छ होतं, आणि त्याला राळेचा वास होता. खाली पाइनची गाडलेली खोडं होती.

नेत्रा त्यांची वरिष्ठ, वयाने पंधरा वर्षांनी लहान. त्यांनी लगेच तिला फोन करून सांगितलं. तिचा आवाज थंड होता. "ताई, आकडे पुढे गेलेत. आता बदलले तर पहिले कुणी घेतले ते विचारतील. आणि तुमचा करार याच महिन्यात संपतोय."

सकाळी फिंटन फाटकाशीच होता.

"तळ लागला होता ना काल?"

"खोड होतं. तुम्हाला माहीत होतं."

"माझ्या बापाचं फावडं मोडलं त्याच्यावर," तो म्हणाला. "मोजायला त्याने कुणाला बोलावलं नव्हतं."

कालच्या पहिल्या जागेपासून त्या हातभर सरकल्या. दोन मीटर, तीन, चार. वारा पावसासारखा ओला होता. पाच मीटर वीसवर सळई खरखरली. टोकाला करडी माती. उरलेल्या तीन जागीही सळई चार मीटरहून खोल गेली. फिंटन प्रत्येक आकड्याला जमिनीवर थुंकत राहिला, आणि शेवटचा लिहून होण्याआधीच निघून गेला.

त्यांनी मातीचा फोटो आणि चारही आकडे नेत्राला पाठवले. खाली लिहिलं, कालची चूक माझी. मग सळईचे तुकडे सोडवले.

परतताना फाटकाला साखळी आणि कुलूप होतं. प्रभाताईंनी सळया आधी पलीकडे टाकल्या, मग फाटकावर चढल्या.