दापोऱ्याच्या फॉरवर्डचा पाय

मी फुटबॉल संघात स्टॉपर होतो, गोलसमोरचा बचावपटू. बुऱ्हाणपूरच्या मैदानावर माझ्या बाजूने कुणी सहज पुढे जात नसे. फायनलच्या दिवशी मात्र दापोरा गावच्या संघातल्या एका फॉरवर्डने मला दोनदा चकवलं. हाफ टाइममध्ये आमचे कोच एवढंच म्हणाले, "उसको रोक."

तिसऱ्यांदा तो कॉर्नरकडे पळाला, तेव्हा बॉल मला मिळणार नाही हे मला कळलं होतं. तरी मी मागून पाय घातला. वाळलेली काटकी मोडावी तसा आवाज झाला. तो खाली पडला आणि त्याची शुद्ध हरपली. तिथे खरोखरच एक खड्डा होता. रेफरी लांब होते. कुणीतरी म्हणालं, "गड्ढे में पैर गया." मी मान हलवली.

पुढे मी राज्याच्या संघातून खेळलो. गुडघा गेल्यावर मुलींना शिकवायला लागलो. दापोऱ्याच्या त्या फॉरवर्डचा खेळ मात्र त्या दिवशीच संपला होता. सरावात दोघींच्या नडग्या एकमेकींवर आदळल्या की माझी शिट्टी आपोआप वाजायची. "सर, फाउल कुठंय?" मुली विचारायच्या. स्लाइड टॅकल, म्हणजे घसरत जाऊन बॉल काढायचा डाव, तर मी कधी करून दाखवलाच नाही.

गेल्या वर्षी न राहवून दापोऱ्याला गेलो. तो केळीच्या बागेत होता, एक पाय ओढत चालत. मला बघून खूश झाला. पाणी दिलं, बायकोला हाक मारून म्हणाला, "हे लय मोठे खेळाडू. माझ्यासोबत खेळलेत." मग स्वतःच खड्ड्याची गोष्ट सांगू लागला. नगरपालिकेला शिव्या घालून झाल्यावर हसला.

मी म्हणालो, "खड्ड्यात पाय गेला नव्हता. मी मागून मारलं होतं. मुद्दाम."

त्याने हातातला विळा खाली ठेवला.

"कशाला सांगितलं भाऊ?" तो म्हणाला. "खड्ड्यावर राग धरून बसणं सोपं होतं."

त्याची बायको आत निघून गेली. मीही उठलो. त्याने थांबवलं नाही.

दोन महिन्यांनी, एका रविवारी सकाळी तो मैदानावर आला. रेषेबाहेर उकिडवा बसला, सराव संपेपर्यंत. मी जवळ गेलो तर तोंड फिरवलं. आता बहुतेक रविवारी येतो. माझ्याशी एक शब्द बोलत नाही. मी मुलींना काहीही सांगायला लागलो की त्याची नजर पाठीत रुतते आणि वाक्य अर्ध्यावर राहतं.

परवा आमची फॉरवर्ड त्याच्याजवळून बॉल घेऊन गेली. "बेटा, डावा पाय वापर," तो ओरडला. तिने वापरला. गोल झाला. मुली नाचायला लागल्या. मी वळून पाहिलं, तेव्हा तो पाय ओढत बसस्टँडच्या दिशेने निघाला होता.