इंजिनाच्या नळीवर बसवलेला डबा

बुटीबोरीच्या सूतगिरणीतला नवऱ्याचा विभाग बंद झाला तेव्हा त्यानं पन्नाशी ओलांडली होती. सगळी नोकरी मशिनींच्या देखभालीत गेलेली. घरी बसल्यावर तो आधी चिडचिडा झाला, मग गप्प झाला आणि मग गप्पच राहिला. मी शाळेत शिकवून परत यायची तर सकाळी जिथे बसलेला असायचा तिथेच दिसायचा. पुढ्यातला चहा तसाच, वर साय धरलेली. जेवलात का विचारलं की मान हलवायचा. ती मान हो म्हणते की नाही म्हणते, तेही मला कळेनासं झालं होतं.

शाळेला उन्हाळ्याच्या सुट्ट्या लागल्या त्या सुमारास एका सकाळी अंगणातून खुडबुड ऐकू आली. आमची डिझेलची जुनी गाडी बरेच दिवस धूर ओकत होती. त्यानं बोनेट उघडलं होतं आणि इंजिनात हवा नेणारी नळी काढून वर्तमानपत्रावर ठेवली होती. नळीच्या आत डांबरासारखा काळा, चिकट थर होता.

मी जवळ गेले, तर तो आपणहून बोलू लागला.

"हे पाह्य. पिस्टनच्या बाजूनं थोडा गॅस खाली इंजिनाच्या पोटात उतरते. त्याले बाहेर काढाले हा पाइप आहे. पण तो गॅस सोबत तेलाची वाफ घेऊन येते, अन् फिरून इंजिनातच जाते. म्हणून हा चिखल."

एवढं सलग तो कित्येक महिन्यांत बोलला नव्हता. मला त्यातलं अर्धंच समजलं, पण मी उन्हात उभी राहून सगळं ऐकलं.

मधे एक डबा बसवायचा, असा त्याचा बेत होता. वाफेतलं तेल डब्यात खाली बसेल आणि उरलेला गॅस पुढे जाईल. गिरणीतल्या एका जुन्या सोबत्याकडून त्यानं स्टीलच्या डब्याला दोन तोट्या जोडून आणल्या. आत भरायला माझ्या ओट्यावरची भांडी घासायची तारेची नवी घासणी नेली. त्या दिवशी जेवताना त्यानं भाजी मागून घेतली. मी पातेल्यावर झाकण ठेवलं आणि दोन क्षण तशीच पाठमोरी उभी राहिले, डोळे दिसू नयेत म्हणून.

डबा जोडायला त्यानं कुलरच्या उरलेल्या पाइपाचा पारदर्शक तुकडा वापरला. तेल पुढे सरकताना त्याला डोळ्यांनी पाहायचं होतं. तेल नीट जमतंय अशी खात्री पटली की तेलाला आणि उष्णतेला टिकणारा रबरी पाइप टाकणार होता. गाडी वस्तीतल्या वस्तीत फिरवून आणल्यावर त्यानं मला हाक मारली आणि डब्याच्या तळाशी जमलेले तेलाचे थेंब कागदावर ओतून दाखवले. तेव्हा तो हसला होता.

दुसऱ्या दिवशी भिवापूरहून धाकट्या दिराचा फोन आला. सासूबाई त्याच्याकडेच असत, आणि गेले काही दिवस अंथरुणावर होत्या. डॉक्टरांनी सगळ्यांना बोलावून घ्या म्हटलं होतं. आम्ही अंगावरच्या कपड्यांनिशी गाडीत बसलो.

भर मे महिन्याची दुपार होती. उमरेड मागे पडल्यावर जळक्या तेलाचा वास येऊ लागला. पुढच्या ट्रकचा असेल, असं तो म्हणाला. मग स्टिअरिंगसमोर तेलाचा लाल दिवा लागला. तो गाडी बाजूला घेत होता तेवढ्यात इंजिनातून खडखडाट झाला आणि गाडी थांबली. मागे रस्त्यावर तेलाची लांब रेघ होती.

त्यानं बोनेट उघडलं. तापलेल्या इंजिनाजवळ तो कुलरचा पाइप मऊ पडला होता आणि वळणावर चपटा होऊन चिकटला होता. गॅसला बाहेर पडायला वाट उरली नव्हती. आतला दाब वाढत गेला, तेल अडवून धरणारं सील उखडलं आणि सगळं तेल वाहून गेलं. हे त्यानं मला सांगितलं नाही. बऱ्याच दिवसांनी मला ते दुसऱ्याकडून समजलं. तिथे तो तेलानं माखलेल्या इंजिनात हात घालून पाइप सोडवू पाहत राहिला.

दिराचा पुन्हा फोन आला. कुठवर आलात, त्यानं विचारलं.

"येऊनच राहिलो," नवरा म्हणाला.

रस्त्यावर सावली नव्हती. हात दाखवला तरी गाड्या थांबत नव्हत्या. शेवटी एका मालवाहू टेम्पोनं आम्हाला घेतलं.

घरासमोर माणसं बसलेली पाहूनच काय झालं ते कळलं. दीर पुढे आला. त्याच्या बोलण्यात राग नव्हता.

"दादा, आत्ता आत्तापर्यंत शुद्धीत होती. मोठा आला का, मोठा आला का, हेच विचारून राहिली होती."

नवरा दारातूनच मागे वळला. त्याचे हात कोपरापर्यंत काळे होते. नळाखाली बसून तो साबणानं, मग मातीनं हात घासत राहिला. नखांतलं काळं निघेना. आत चला, मी म्हटलं, असेच चला. तो घासतच राहिला, कातडी लाल होईपर्यंत. आईच्या पायांना त्यानं हात लावला नाही, नुसतं कपाळ टेकवलं. अग्नी मात्र त्याच हातांनी द्यावा लागला.

गाडी कुणीतरी ओढून आणून अंगणात उभी केली. ती त्यानं दुरुस्त केली नाही आणि विकूही दिली नाही. बसनं निघालो असतो तरी वेळेत पोचलोच असतो असं नाही, हे मी त्याला नाना तऱ्हांनी सांगून पाहिलं. एकदाच त्यानं उत्तर दिलं.

"त्या डब्याले हात लावला नसता, त मायनं मले पाह्यलं असतं."

त्यानंतर तो त्याबद्दल बोललेला नाही, खरं तर कशाबद्दलच नाही. डॉक्टरकडे नेलं, गोळ्या सुरू आहेत. गोळ्यांनी तो झोपतो आणि उठून भिंतीकडे तोंड करून बसतो. काही तरी हातात घ्या, असं म्हणायची आता माझीच हिंमत होत नाही.

शाळा सुटल्यावर मी लगेच निघत नाही. तपासायच्या वह्या संपलेल्या असतात, तरी स्टाफरूममध्ये बसून राहते. शिपाई कुलूप घेऊन दारात येऊन उभा राहतो, तेव्हा उठते.