गावाचं पानी आमच्या रांजनात

आमच्या गावात पानी आन् आरोग्याची समिती निघाली, तवा सरपंचानं मला अध्यक्ष केलं. मी म्हनलं, "मलाच कावून?" तर म्हनला, "तुला वाचता येत न्हाई म्हून. वाचनारा घेतला की तो इचारत बसतो, हितं काय लिव्हलंय बे?" मला ते लई पटलं. घरी येऊन बायकोला म्हनलं, "मी अध्यक्ष झालो."

"कशाचा?"

"पान्याचा."

"मंग दोन घागरी आना."

आनल्या.

आमचा शिरूरकडचा मुलूख कोरडा. उन्हाळ्यात आड आटतो आन् पावसाळ्यात त्यात साऱ्या गल्लीचं धुवन उतरतं. नर्सबाईनं मला बजावून सांगितलं, "अध्यक्ष, ही पांढरी पावडर रोज आडात पडलीच पायजे. न्हाई तर ढाळ-उलट्या लागतील, आन् आधी म्हातारी मानसं जातील."

मी पावडर टाकली. मापानं न्हाई, हातानं. आन् माझा हात म्हंजे फावडं हाय. सकाळी सारं गाव दारात. कुनाच्या च्याला वास, कुनाच्या वरनाला वास. शेजारची मावशी काठी घेऊनच आली. मावशी सख्खी न्हाई, पन आई गेल्यापासून मला शिव्या द्यायचं काम तिनंच संबाळलं व्हतं.

"मुडद्या, आडात काय धुतलंस? दवाखान्याची फरशी पिल्यावानी वाटतंय! मी मेले तरी हे पेनार न्हाई."

गावसभा भरली. लई डोकं खाजवून गावानं ठरिवलं, का तालुक्याचा सायब येतो तवा अध्यक्षाच्याच घरी बसतो. तिथल्याच रांजनातलं पानी तपासतो. मंग साऱ्या आडाला वास कावून लावायचा? पावडर अध्यक्षाच्या रांजनातच टाका. समद्यांनी हात वर केले. मी तर सगळ्यात आधी केला. अध्यक्षाचं घर म्हंजे आपलंच, हे हात खाली घेताना कळलं.

बायको म्हनली, "आवो, साऱ्या गावाचा वास आमीच प्यायचा का?"

"समितीचा ठराव हाय."

ती आन् लेकरं नाक दाबून पेऊ लागली. मी मातर सकाळ-संध्याकाळ मावशीकडं जायचो, आन् तिथंच तिच्या माठातलं गोड पानी ढोसायचो. समितीचं काम बाहेरच जास्ती आसतं.

सायब आला की रांजनातलं पानी काचंच्या नळीत घ्यायचा, वरून औषधाचे थेंब टाकायचा. पावडर आसलेलं पानी हळदीवानी पिवळं व्हायचं आन् सायबाचं तोंड खुलायचं. मंग तो पिशवीतून प्लास्टिकची बाटली काढून तिच्यातलं पानी प्यायचा. तसल्या बाटल्या नव्यानंच दुकानात आल्या व्हत्या. पानी इकत घेनारा मानूस मी तवा पयल्यांदा बगितला.

"सायब, आमचं पिवळं झालं की वो."

"झालं की. लई छान झालं," आसं म्हनून त्यानं बाटलीचं टोपन लावलं.

आमचं गाव पान्यात नमुन्याचं ठरलं. दुसऱ्या गावचे अध्यक्ष जीप भरून माझा रांजन बगायला आले. रांजनाला हार घातला, मला उरलेला घातला. एकानं इचारलं, "लोकं वास कसा सोसतात वो?" मी म्हनलं, "सवय लावावी लागती." मागं बायको खोकली.

आखाड सरता सरता ढाळ-उलट्या सुरू झाल्या. सगळ्यात आधी पडला अध्यक्ष. मागून मावशी, मागून आर्धी गल्ली. नर्सबाईनं शाळेतच आमाला वळीनं झोपिवलं आन् सलाईनच्या बाटल्या खुट्टीला टांगल्या. दुपारी बाटल्या सरल्या. मावशीचे डोळे आत गेलेले. माझ्याकडं बगून तिनं तोंड उघडलं, शिवी द्यायला. आवाजच आला न्हाई. तवा मी भ्यालो.

नर्सबाईनं फोनच्या टपरीवरून निरोप धाडला, तसा सायब आला. आला तो औषधाबिगर. आधी माझ्या घरी जाऊन रांजन तपासला, मंग शाळेत आला. "पानी तर एकदम चांगलं हाय. मंग साथ कशी आसंल? शिळंपाकं खाल्लं आसंल लोकांनी."

"सायब, आजींना सलाईन पायजे," नर्सबाई मावशीकडं बोट दावून म्हनली, "आत्ता पायजे."

"आवो बाई, साथच न्हाई तर साथीची औषधं कुठून देऊ?"

मी भिंतीला धरून उठलो. "सायब, ते गावाचं पानी न्हाई. ते माझं पानी हाय."

मावशीच्या माठातलं पानी आनायला लावलं. सायबानं थेंब टाकले. आजून टाकले. पानी जसंच्या तसं. सायबानं ते लई येळ बगितलं आन् मला बाजूला घेतलं. "अध्यक्ष, मागच्या साऱ्या येळा मी पिवळं लिव्हलंय. आता हे कुठं बसवू?"

"मला तरी बसवा कुठं. मी पडलोय न्हवं का?"

"तुमी तर घरचंच पेता ना?"

"न्हाई सायब. मी मावशीकडं पेतो. घरचा वास सोसत न्हाई."

आजून बोलनार व्हतो, पन पोटानं हाक दिली. धोतर धरून शाळंमागं पळालो. सायबाच्या डोळ्यादेखत, हार घातलेला अध्यक्ष. परत आलो तर सायब नर्सबाईला म्हनत व्हता, "अध्यक्षच आसा पळतोय म्हनल्यावर साथ धरावीच लागंल." माझ्या साऱ्या कारभारात तेवढंच एक काम गावाच्या कामाला आलं.

दिवेलागनीला जीप बाटल्या घेऊन आली. बायको आन् लेकरं मला बगायला शाळंच्या दारात उभी राह्यली. तिघंबी टवटवीत, समितीच्या पान्यावर पोसलेली. गल्लीतल्या बाया त्यांच्याकडं बगतच राह्यल्या, आन् हांडे घेऊन थेट माझ्या घरी गेल्या. बायको रांजनाम्होरं पाट टाकून बसली आन् एकेकीला इचारू लागली, "कावून आलात बाई? वास येतो ना?"

सकाळी मी लटपटत आडावर गेलो, नर्सबाईनं मापून दिलेली पावडर सोडली. कोनी काठी आनली न्हाई.

मावशीचा आवाज त्याच्या दुसऱ्या दिवशी आला. नर्सबाईनं तिला आडाचं पानी पाजलं. मावशीनं घोट घेतला, तोंड वाकडं केलं आन् माझ्याकडं बगितलं.

"मुडद्या, हे तुझ्या घरासारखं लागतंय."

"मंग थुक की."

तिनं गिळलं. मंग भांडं म्होरं केलं. "आन आजून."