घेवड्याची ड्रिफ्टिंग-मळणी

मी आयुष्यात एकदाच मोटार चालवली, तीबी शेजारच्या सीटवर बसून.

आमची ही वारल्यावरची पहिलीच सुगी. हिनं राखेत जपलेलं घेवड्याचं बियाणं मी होतं तेवढं सगळं पेरलं. गावात दुसऱ्या कुणाकडं नसलेलं वाण. शेजारीण मागायला आली की ही म्हणायची, "भाजीला शेंगा न्या, बी मागू नका." आता वाळल्या शेंगा खळ्यात पसरलेल्या. त्यातलं बी हाती आलं न्हाई, तर हिचं वाण संपलं.

तेवढ्यात चाकणला कंपनीत असलेली माझी नात सोनी गाडी घेऊन पिंपळवंडीला आली. मोबाइलवर दाखवायला लागली. गाड्या आडव्या होऊन घसरतायत, चाकातनं धूर निघतोय.

"आबा, ह्याला ड्रिफ्टिंग म्हणतात. जपानातल्या घाटात पोरांनी सुरू केलं. आता जगभर स्पर्धा व्हतात. आपल्याकडंबी लई याड लागलंय."

"पहिला कोण येतो?"

"पहिलं यायचं नसतंच. जो झोकात घसरंल, त्याला मार्क."

(आमी शेणात घसरायचो, तवा कुणी मार्क दिले न्हाईत.)

गोल फिरणाऱ्या गाड्या बघून मला मळणीची बैलं आठवली. म्हटलं, "सोने, शेंगांवरनं फिरव की तुझी गाडी."

"हळूच हां, आबा. ड्रिफ्ट-बिफ्ट नाय."

मी शेजारी बसलो. शेंगा तडातडा फुटू लागल्या. कुंपणापलीकडनं गेनूभाऊ म्हणाला, "आबा, गाडीला मुसकी बांधली का? घेवडा खाईल."

एवढ्यात त्याचीच म्हैस खळ्यात शिरली. मी जन्मभर बैलं हाकलेला माणूस. जनावर आडवं आलं की कासरा वढायचा, एवढंच हाताला ठाऊक. दोघांच्या मधी एक दांडा व्हता. दोन्ही हातांनी वढला!

"आबा, तो हँडब्रेक..."

सोनीचं बोलणं पुरं व्हायच्या आत गाडीचं ढुंगण पुढं आलं. घाबरून तिनं ॲक्सिलरेटर दाबला, अन् पुढच्या चाकांनी घेवडा चौफेर उडवला. गेनूभाऊच्या परसात, रस्त्यावर, उकिरड्यावर, देवळाच्या पत्र्यावर. म्हैस रवंथ करत बघत व्हती. मी उतरून धावलो तवर कोंबड्या जेवायला बसल्या व्हत्या. माझ्या हाती निस्ती टरफलं.

"धापैकी धा, आबा," गेनूभाऊनं मार्क दिले.

मी खळ्यातच बसलो. सोनीला सांगितलं, डोळ्यात धूळ गेली.

पुढच्या पावसाळ्यात गावभर घेवड्याचे वेल. गेनूभाऊच्या कुंपणावर तर पान दिसंना, एवढ्या शेंगा. फक्त माझ्या वावरात काय उगवलं न्हाई. शेंगा वाळायची वेळ आली तशी वाटी घेऊन त्याच्या दारात गेलो. त्याची बायको पारू वेलाला पाठ लावून उभी राहिली.

"आबा, भाजीला शेंगा न्या. बी मागू नका."

शेंगा घेतल्या अन् गुमान घरी आलो. हिच्या वाणासंगं हिचं बोलणंबी म्याच गावभर पेरलंय, त्याला कोण काय करणार!