बोराटीतली मुनिया

भोकरदनच्या बाजूला, माळाला लागून आमचं शेत होतं. ज्वारी काढली की खळ्याला बोराटीचं कुंपण घालायचं, नाहीतर मोकाट गुरं कणसांचा फडशा पाडत. बोरीच्या त्या काटेरी फांद्या आधीच तोडून बांधावर रचलेल्या असत. त्या वर्षी त्यातल्या एका ढिगात मुनियेनं घरटं केलं. चिमणीहून लहान, मातकट, जाड चोचीचं पाखरू. गवताचा गोळा करून आत अंडी घातलेली.

मला सहावा महिना होता. आधीचं मूल पाचवी पुजायच्या आतच गेलं होतं. पोटुशी बाई असलेल्या घरानं घरटं मोडू नये, असं आमच्यात मानत. सासूबाईंनी मामंजींना बजावलं, "ही बोराटी बिलकुल हलवायची न्हाई."

"मंग खळं उघडं ठिवू का?" मामंजी तडकले.

"मी बसते राखणीला," मी म्हणाले. सुनेनं सासऱ्यापुढं तोंड उघडायचे ते दिवस नव्हते. पण एक मूल मुकाट्यानं मातीला दिलं होतं. दुसरं द्यायला मी तयार नव्हते.

बाकीच्या ढिगांचं कुंपण झालं. उरलेल्या वाटेवर मी काठी घेऊन दिवसभर बसे, रात्री नवरा तिथंच झोपे. पिल्लांची चिरचिर सुरू झाली तसा माझा जीव हरखला. मामंजी टोमणा मारत, "पाखराचं बाळंतपण करून राह्यलो आम्ही!" आणि जाताना माझी पाण्याची घागर भरून ठेवत.

एका सकाळी नवरा गुरांमागं गेला आणि मी खळ्यावर आले, तर घरटं फाटलेलं. मुंगसानं डाव साधला असावा. काट्यांना पिसं चिकटली होती. पोटावर हात धरून उभी राहिले आणि मनाशी म्हणाले, पाखराचं पाखरापाशी, माझं माझ्यापाशी. पिसं वेचून मातीत दाबली, गवत कडब्यात मिसळलं आणि बोराटी ओढायला घेतली.

सासूबाई आल्या. "पिल्लं कुठंयत गं?"

"उडाली."

"समदी?"

"समदी."

त्यांनी माझ्याकडं पाहिलं. मग माझ्या पदराला चिकटलेलं एक पीस अलगद काढलं आणि वाऱ्यावर सोडून दिलं.

"धर त्या टोकाला. जल्दी वढू दोघी," त्या म्हणाल्या.

मला मुलगी झाली. सासूबाई तिला मांडीवर घेऊन सांगत, "तू पोटात व्हतीस तवा मुनियेची पिल्लं उडाली. म्या माझ्या डोळ्यानं पाह्यली."