डाग नव्हता, ढग होता

कुपवाडच्या आमच्या घरासमोर ट्रॅक्स येऊन उभी राहिली, तरी आई माझ्या बॅगेत चटणीची आणखी एक पुडी कोंबत होती. चुलते पायरीवर बसले होते. "चांदण्याच बघायच्या तर हितनं दिसत न्हाईत व्हय?" ते म्हणाले. माझ्या वडिलांचं, आण्णांचं, लेथचं छोटं वर्कशॉप. कामावरून तसेच आलेले आण्णा हात पुसत एवढंच बोलले, "जा. न्हाई जमलं तर परत ये, पण भिऊन येऊ नगंस." नव्वदच्या दशकातली ही गोष्ट. आमच्या गल्लीतून परदेशी शिकायला जाणारी मी पहिलीच.

तुम्ही जे सांगलीतच राहिलात आणि जे माझ्यासारखे विमानात बसलात, त्या सगळ्यांना सांगते, अमेरिकेतलं पहिलं वर्ष मी नुसती गप्प होते. इंग्रजी वाक्य मनात जुळवेपर्यंत विषय पुढे गेलेला असायचा. कॉलेजात वादविवादाची बक्षिसं आणणारी मी हीच का, असं वाटायचं.

दुसऱ्या वर्षी संशोधनासाठी मोठ्या दुर्बिणीतून काढलेले काही फोटो माझ्याकडे आले. त्यांत होत्या दूरदूरच्या दीर्घिका, म्हणजे ताऱ्यांची अफाट शहरं. त्यांचा उजेड निघाला तेव्हा आपली पृथ्वी जन्मालाही आली नव्हती. फक्त हायड्रोजनचा उजेड आत सोडणारा फिल्टर लावून ते फोटो काढले होते. एका जागी दीर्घिकांभोवती मला अंधूक, पसरट उजेड दिसला.

"कॅमेऱ्यातला डाग आहे. सोडून दे," माझे गाइड म्हणाले.

त्या दिवशी मी पहिल्यांदा इंग्रजीत भांडले. "डाग असेल, तर दुर्बीण जरा सरकवली की फोटोत दीर्घिका एकीकडे जातील आणि तो जागेवरच राहील. खरा असेल, तर त्यांच्याबरोबर जाईल. एकदा बघू द्या!" व्याकरण चुकलं, मुद्दा चुकला नाही. त्यांनी दुर्बिणीवर वेळ दिला, पण बजावलंही, "काही निघालं नाही तर विषय बदलायचा." म्हणजे तोवरचं सगळं काम पाण्यात.

दुर्बीण सरकवली. नवा फोटो पडद्यावर उतरला तसा मी जुना त्याच्याशेजारी धरला. दीर्घिका सरकल्या होत्या आणि तो उजेडही त्यांच्याबरोबर सरकला होता! पुढे त्याचे रंग फोडून पाहिले. हायड्रोजनच, आणि त्या दीर्घिकांइतक्याच अंतरावरचा. आपली आख्खी आकाशगंगा आत मावेल एवढा झगमगता वायूचा ढग. गाइडनी सगळ्यांसमोर माझा हात हातात घेतला. "तू बरोबर होतीस."

कुपवाडला शेजारच्या काकूंच्या फोनवर मी आण्णांना बोलावून घेतलं. सगळं सांगितलं. मागून आईचा आवाज आला, "पाऊस पडतो का गं त्यातनं?"

"न्हाई गं आई. असल्या वायूतनं चांदण्या तयार होतात."

आण्णा रिसीव्हर हातात तसाच धरून गल्लीकडे तोंड करून ओरडले, "आवं, ऐकलं का! पोरीनं लय मोठा ढग धरलाय!" काकूंच्या घरातला गलका मला इकडे ऐकू येत होता. मी रडत होते आणि हसतही होते.

आता मी इकडे अमेरिकेतच शिकवते. वर्गातली मुलं विचारतात, तुमचं घर कुठे? मी फळ्यावर आधी कृष्णा काढते, तिच्या काठी सांगली, बाजूला कुपवाड. सांगली मोठं शहर, असं सांगते, तरी कुपवाडचा ठिपका तिच्यापेक्षा मोठा होतो. मुलं हसतात.

हसू देत. आमचं गाव आहेच तेवढं मोठं.